इंजिन बंद का पडलं

२० जुलै, रविवार

सुरू झालं! पहिल्याच दोरीला!

आणि आनंद व्हायच्या ऐवजी असा संताप आला की हातातली दोरी भिंतीवर फेकून मारली. वर्षभर मागच्या शेडमध्ये गोणपाटाखाली पडलेलं इंजिन. पाण्याच्या ड्रमवर आडवी फळी ठोकली, तिला इंजिन आवळलं, खालचा पंख्याचा पाय ड्रममध्ये बुडवला. ताजं पेट्रोल, त्यात ऑइल. प्लग पुसून परत लावला. दोरी ओढली — भर्रर्र! जसं काही झालंच नाही. अंगणभर निळा धूर.

सासूबाई आतून धावत आल्या. दारातच थांबल्या, पदर तोंडाशी. मी घाईघाईने बटन दाबून बंद केलं. त्यांनी आत जाऊन खोलीचं दार लावून घेतलं.

चूक झाली. त्यांना आधी सांगायला हवं होतं. त्या आवाजाने क्षणभर त्यांना काय वाटलं असेल! दर रविवारी नदीवर नेण्याआधी जयदीप ते इथे सुरू करून बघायचा आणि त्या आवाजामागोमाग घरात यायचा — हात काळे, तोंडभर हसू.

पण असं एका दोरीत सुरू होणारं इंजिन त्या दिवशी का सुरू झालं नाही?

२१ जुलै

वर्गात लक्ष नव्हतं. आयटीआयत इलेक्ट्रिकल शिकवते मी, आणि आज फळ्यावर मोटारचं कनेक्शन उलटं काढलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

डोक्यात नुसतं गरगरतंय. एकदा ओळीने लिहून टाकते.

जयदीप, माझा नवरा, बँकेत कॅशियर. सहा दिवस काचेच्या आत, रविवार मात्र पैनगंगेचा. सावरखेड्याला — त्याच्या गावी — त्याची नाव. तिला मागे लावायचं हे जुनं पेट्रोल इंजिन धरणावरच्या मासेवाल्यांकडून आणलेलं, आमच्या लग्नाच्याही आधी. मागच्या श्रावणात नदी चढली, गावाखालची वस्ती पाण्याने वेढली. सरकारी बोट यायला वेळ होता. जयदीपने आपली काढली. फेऱ्यावर फेऱ्या मारल्या. म्हातारे, बायका, शेळ्यासुद्धा. शेवटच्या फेरीत देवकाबाई, त्यांची सून रुख्मिणी आणि शेजारचं एक कुटुंब.

देवकाबाईंनी मला तेव्हा जे सांगितलं ते अजून कानात आहे — "इंजिन बंद पडलं, नाव गर्रकन फिरली, सून पाण्यात गेली. जयदीपनं मागून उडी टाकली."

रुख्मिणीला त्याने नावेच्या काठाला लावलं. वरच्यांनी तिला ओढून घेतलं. तो स्वतः मागच्या बाजूला धरून होता. नाव वाहत चालली होती, इंजिन बंद, धारेतून येणारं लाकूड चुकवणार कसं? ते त्याला लागलं. नाव पुढे बाभळीत अडकली. नावेतली सगळी माणसं वाचली.

तो तिसऱ्या दिवशी सापडला.

आणि मधल्या दिवशी पंचनाम्याला आलेल्यांपैकी कोणीतरी सहज म्हणून दोरी ओढली — इंजिन सुरू! मग काय! "इंजिनात दोष नाही. चालकास ऐनवेळी सुरू करता आले नाही." दुसरे म्हणतात, जुनं खटारं घेऊन माणसं भरलीच कशाला. दोन्हीकडून दोष त्याचाच.

आणि खरं लिहायचं तर — मीही त्याच्यावर चिडलेलीच आहे. वर्षभर.

२२ जुलै

राघव भावजींचा फोन. जयदीपचा धाकटा भाऊ. "वहिनी, भंगारवाला बघून ठेवलाय. वर्षश्राद्धाच्या आत ते घरातून गेलं पाहिजे. त्या लोखंडानं माझा भाऊ खाल्ला."

मी म्हटलं, थोडे दिवस द्या.

"काऊन? काय करता त्याचं?"

काय सांगू! म्हटलं, बघते.

२४ जुलै

रोज संध्याकाळी आल्या आल्या दोरी ओढते. रोज पहिल्या नाहीतर दुसऱ्या झटक्याला सुरू. लगेच बंद करते, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. काहीही कळत नाही.

२६ जुलै, शनिवार

आज ठरवलं — ते बंद पडेपर्यंत चालवायचं. सासूबाईंना आधी सांगितलं. म्हणाल्या, "चालव. मी देवळात जाऊन बसते."

दुपारी सुरू केलं. ड्रममधलं पाणी बघता बघता कोमट, मग कढत. एका हाताने गरम पाणी उपसायचं, दुसऱ्या हाताने नळीने गार सोडायचं. धुराने डोळे चुरचुरतात. शेजारचे तेलुगू सर गच्चीवरून — "मॅडम, एंटी ई सौंडु?" काय आवाज लावलाय म्हणून. मी हात जोडले. ते खाली आले, बघितलं, ओळखलं — आणि परत गेले. थोड्या वेळाने त्यांच्याकडून मुलाबरोबर लांब नळी आली.

चाललं. चालतच राहिलं. मी त्याला छळलं अक्षरशः. पेट्रोलची नळी हलवली. वायरी ओढून पाहिल्या. वरून तांब्याने पाणी ओतलं — पाऊस पडत होता ना त्या दिवशी! मंद केलं, एकदम वाढवलं. एकदासुद्धा अडखळलं नाही. एका फेरीला तर त्या दिवशीही इतका वेळ लागला नसेल.

सासूबाई देवळातून परतल्या तरी भर्रर्र सुरूच. त्या ओट्यावर टेकल्या. मोठ्याने म्हणाल्या, "बंद नाही पडत?"

"नाही!"

"मग?"

मग काय, मलाही माहीत नाही. बंद केलं. कान रात्रीपर्यंत वाजत राहणार.

२७ जुलै, रविवार

मिळालं! काहीतरी मिळालं!

सकाळी परत तसंच चालवलं. मध्येच ड्रम पूर्ण रिकामा करून भरावा म्हणून बटन दाबून बंद केलं. पाणी बदललं. दोरी ओढली. काही नाही. परत. काही नाही. ओढून ओढून तळहात सोलवटले. खांदा भरून आला. मेलेलं इंजिन. नुसतं फुस्स फुस्स.

प्लग काढला. वायर जोडलेली ठेवून त्याचं लोखंड इंजिनाला टेकवलं, दोरी ओढली. ठिणगी नाही! नेहमी टचकन निळी उडते. आज काळोख.

तिथेच ओल्या फरशीवर बसले. सासूबाईंनी चहा आणला. दोघींनी तिथेच बसून प्यायला. कप विसळून ठेवले, पाठ थोडी सरळ झाली, म्हणून सहज दोरी ओढली — प्लगवर निळी ठिणगी! लावला, ओढलं, सुरू!

म्हणजे थंड असलं की पहिल्या दोरीला. तापलं की चालत राहतं. पण तापलेलं असताना एकदा बंद झालं की गार होईपर्यंत सुरू होत नाही. पंचनाम्याच्या दिवशी ते गारच असणार! म्हणून सुरू झालं!

जयदीपला सुरू करता आलं नाही, हे खरं. पण ते कोणालाच आलं नसतं. यमाला आलं नसतं!

भावजींना फोन लावला. घाईघाईत सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग — "बरं. पण बंद पडलं तर होतंच ना, वहिनी?"

हो. बंद पडलं होतंच.

३० जुलै

झोप लागत नाही. लागली तर हात दोरी ओढल्यासारखा झटका देतो आणि जाग येते.

इंजिनाचं डोकं उघडून आतलं सगळं आयटीआयत नेलं. नवा प्लग — फरक नाही. कंडेन्सर बदलला, स्कूटरचा बसतो — फरक नाही. पॉइंट घासले, फट नीट केली — फरक नाही. राहिली कॉइल. ठिणगीसाठी करंट तयार करते ती. तिच्यावरचं जुनं आवरण तडकलेलं, विटकरी रंगाचं.

१ ऑगस्ट

कॉइलच! जेवणाच्या सुट्टीत एका पेटीत मोठा बल्ब लावला, त्यात कॉइल तापत ठेवली. चटका बसेल इतकी तापल्यावर जागेवर बसवून हाताने दोरीचं चाक फिरवलं — ठिणगी नाही. मग तसंच, तापलेलंच, ड्रिल मशीन लावून चाक जोरात फिरवलं — तड तड तड, सलग ठिणग्या!

आत कुठेतरी आवरण फुटलंय. तापलं की करंट तिथून गळतो. चाक वेगात फिरत असेल तर गळूनही ठिणगीपुरता उरतो. हाताने दोरी ओढून तेवढा वेग येत नाही. इतकी साधी गोष्ट!

पण ह्याचाच दुसरा अर्थ असा की चालू इंजिन ह्या कॉइलपायी बंद पडणार नाही. शनिवारी ते दुपारभर चाललं, ते उगीच नाही.

मग त्या दिवशी चालू इंजिन बंद पडलं कशाने?

एक दार उघडलं तर मागे दुसरं बंद. डबा न खाताच घरी आणला.

२ ऑगस्ट, शनिवार

सावरखेड्याला जाऊन आले. वर्षभरात पहिल्यांदा. बसमधून नदी दिसली तेव्हा मान फिरवून कपाशीकडे बघत बसले.

जीवन भेटला. जयदीपचा बालमित्र, मासेमारी करतो, नाव आता त्याच्याकडेच आहे. काठावर उलटी घालून तिला डांबर लावत होता. मी कॉइलचं सांगायला लागले तर त्याने मधेच मान हलवली.

"थे त जयदीपले मालूम होतं, ताई."

"काय माहीत होतं?"

"गरम असताना बंद केलं का सुरू नाई होत. दोन-तीन वर्सापासून तसंच हाय. म्हणून त त्यो घाटावर आला तरी बंद नाई करे. माणसं उतरून राह्यली, इंजिन आपलं चालूच. मी म्हणो, अरे पेट्रोल जळून राह्यलं ना! त म्हणे, जळू दे, बंद केलं त अर्धा घंटा काठावर बसा लागते."

"मग दुरुस्त का नाही केलं त्याने?"

"कॉइल भेटली नाई. जुनं माडेल. नागपूरले पण पाह्यली त्यानं."

माझं तोंड कडू झालं. घरात बायको इलेक्ट्रिकलची मास्तरीण! एक शब्द नाही! मला म्हणायचा, "घरात तुझं चालतं, नदीवर माझं चालू दे." हसण्यावारी न्यायचा. मीही नेऊ दिलं.

माहीत असून गेला. असलं इंजिन घेऊन पुरात गेला. जीवनला तसं म्हटलंही. तो उठून उभा राहिला. "ताई, चालू ठेवलं त थे दिवसभर चालते. दिवसभर चाललं बी. सारी वस्ती आणली त्यानं. मंग शेवटी बंद काऊन पडलं, थेच मले समजून नाई राह्यलं."

देवकाबाईंकडेही गेले. त्या आता वरच्या आळीत राहतात. मुलगा आणि सून पुरानंतर मंचेरियलला गेले, मुलाला तिकडे कोळशाच्या कामावर रोजंदारी मिळाली. म्हातारीने तेच सांगितलं, तेच शब्द. मी विचारलं, तुम्ही नावेत कुठे बसला होतात? म्हणाल्या, सगळ्यात पुढे, डोळे मिटून, देवाचं नाव घेत. "बंद पडल्याचा आवाज आला अन् मंग ओरडा झाला का रुख्मिणी गेली, गेली."

दोघी रडलो. येताना त्यांनी पिशवीत शेपूची जुडी घातली.

५ ऑगस्ट

एकेक कारण धरते आणि खोडते.

पेट्रोल संपलं? नाही. पंचनाम्यात टाकी अर्धी भरलेली लिहिली आहे. त्यात पाणी गेलं? मग दुसऱ्या दिवशी पहिल्या झटक्याला सुरू झालं नसतं.

पाण्यातल्या पंख्यात वेल, दोरी, काही अडकलं? तसं झालं तर पंख्याची पिन तुटते. पिन काढून पाहिली. सरळ आहे, ओरखडासुद्धा नाही.

बटनाची वायर आपोआप टेकली? हे बटन दाबलं की ठिणगीचा करंट इंजिनाच्या लोखंडात जातो, इंजिन थांबतं. वायर सोलली असेल, पाणी शिरलं असेल तर आपोआपही थांबेल. तासभर मीटर लावून बसले. वायर वाकवली, पिळली, बटनावर पाणी ओतलं, हातोडीच्या दांड्याने ठोकलं. काटा जागचा हलला नाही. बटन उत्तम. वायर उत्तम.

उरलं काय?

लिहायला नको वाटतंय.

६ ऑगस्ट

बटन कोणीतरी दाबलं. इंजिनाजवळ तो एकटाच बसलेला असायचा.

७ ऑगस्ट

हाताचा धक्का लागला असेल. कोपर लागलं असेल. पाऊस, ओरडा, थकलेला जीव — वेग वाढवायला गेला आणि बटनावर बोट पडलं. माणूसच तो.

म्हणजे पंचनाम्यात लिहिलं तेच खरं. आणि ते मी, त्याच्या बायकोने, मीटर लावून सिद्ध केलं! वा! शाबास!

कशाला उघडलं मी ते गोणपाट?

९ ऑगस्ट, राखी पौर्णिमा

भावजी आले. सोबत टेम्पोवाल्याचा नंबर. म्हणाले, उद्या येईल, उचलून नेईल. मी नको म्हटलं. का नको म्हटल्यावर सगळं सांगत गेले — कॉइल, ड्रिल, पिन, वायर — आणि शेवटी तेही तोंडातून निघून गेलं. "बटन त्याच्याच हाताने दाबलं गेलं असणार, भावजी. चुकून."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "हे शोधत होता तुमी इतके दिवस? दादाची चूक?"

"मी चूक शोधत नव्हते. मी—"

"मले लोखंडाला शिव्या देऊ द्यायच्या होत्या ना, वहिनी! तेवढं तरी ठेवायचं होतं माझ्यासाठी!"

आणि एवढा मोठा माणूस ड्रमला धरून ढसाढसा रडला. मी पुढेही गेले नाही, मागेही नाही. उभीच.

सासूबाई दारात होत्या. मला वाटलं आता त्या मलाच बोलतील. त्या अगदी हळू, पण स्पष्ट म्हणाल्या, "त्याचा हात नाही चुकायचा." बस एवढंच. मग भावजींना म्हणाल्या, "राघव, तोंड धू. पुरण थंड होतंय."

आई आहे ती. ती असंच म्हणणार. माझ्याकडे मीटर आहे, त्यांच्याकडे काही नाही, तरी त्यांना शांत झोप लागते आणि मला नाही.

११ ऑगस्ट

काही सुचेना म्हणून कॉइल स्टेशनजवळच्या वाइंडिंगवाल्याकडे दिली. जुनी तार उलगडून नवी भरायची. त्याने वळवून बघितली, म्हणाला, "मॅडम, ये तो म्यूझियम का माल है. चलाना है के सजाना है?" मी म्हटलं, चलाना है. तोंडातून कसं निघालं कोण जाणे.

१३ ऑगस्ट

नवी तार भरलेली कॉइल बसवली. इंजिन फुटेस्तोवर तापवलं. बंद केलं. दोरी ओढली — सुरू! परत बंद — परत सुरू! तसंच करत राहिले. दर वेळी सुरू.

इतकंसं काम होतं. एका दुपारचं. त्याने मला विचारलं असतं तर!

आनंद नाही. बसवतही नाही, उठवतही नाही. गॅलरीत फेऱ्या मारतेय आणि बाहेर सकाळपासून पाऊस लागून राहिलाय.

१४ ऑगस्ट

जीवनचा फोन. मागे पाण्याचा आवाज. "ताई, नदी चढून राह्यली. खालच्या वस्तीवर घरं हायेत अजून. वल्ह्यानं नाव नाई जात धारेत. इंजिन द्या."

मी म्हटलं, विचारून सांगते. कोणाला विचारणार होते?

भावजींना बोलावलं. ते म्हणाले, "नाही. एक माणूस गेला तेवढा पुरे." मी म्हटलं, आता ते कसंही सुरू होतं, मी तपासलंय. "तुमचं तपासणं पाह्यलं मी, वहिनी." बोचलं. बरोबरही होतं.

मग सासूबाई उठल्या, शेडमध्ये गेल्या आणि इंजिनावरची प्लास्टिकची ताडपत्री स्वतःच्या हाताने काढून घडी घालायला लागल्या. सत्तरीची बाई. ओली ताडपत्री आवरेना त्यांना. भावजी बघत राहिले, मग गेले, दुसरं टोक धरलं. घडी झाल्यावर म्हणाले, "ऑटोत राहील का हे?"

राहिलं. मागच्या सीटवर, माझ्या मांडीला टेकून. भावजी पुढे ड्रायव्हरजवळ. सावरखेड्याला त्यांनीच खांद्यावर घेऊन चिखलातून काठापर्यंत नेलं.

जीवनला मी अटी घातल्या. सगळ्यांना तरंगायची जॅकेट — आयटीआयच्या पूर-प्रशिक्षणातली, मागून आणलेली. उभं राहायचं नाही कोणी. नावेला काठावरून लांब दोर. तो सगळ्याला हो म्हणाला. इंजिन सुरू झालं तेव्हा मी नदीकडे तोंड करून उभी होते. पहिल्यांदाच.

१५ ऑगस्ट

शाळांमध्ये झेंडावंदन पावसात. जीवनचे फोन येत होते. तीन घरं आणली. म्हातारा एक हट्टाला पेटला, खाट घेतल्याशिवाय येईना — खाट आणली! घाटावर माणसं उतरवताना जीवनने इंजिन बंद केलं, परत सुरू केलं. "एका दोरीत, ताई! जयदीप असता त नाचला असता!"

मी हो हो म्हटलं आणि फोन ठेवून मोरीत जाऊन नळ मोठा सोडला.

त्याच्या हातात हेच इंजिन असं असतं, तर धक्का लागून बंद झालं तरी लगेच परत सुरू झालं असतं. चूक एवढीशी राहिली असती. विसरून गेलो असतो आम्ही.

१६ ऑगस्ट

नदी उतरतेय. सगळी वस्ती वर आहे. कोणाला खरचटलंही नाही.

भावजींनी भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं. मला नाही सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. मी भांडी घासत ऐकलं.

१७ ऑगस्ट

उद्या वर्षश्राद्ध. गुरुजींचा निरोप, सामान, केळीची पानं. सावरखेड्याहून देवकाबाई येणार आहेत, आणि मंचेरियलहून रुख्मिणी सकाळच्या गाडीने. "आमच्या सासूबाई म्हणल्या, यायलाच पाह्यजे," असं फोनवर लाजत म्हणाली. तिला मी कधी धड भेटलेच नाही. पुरानंतर ती दवाखान्यात होती आणि तिथूनच तिकडे गेली.

भेटायचं धाडस आहे का माझ्यात? तिला वाचवायला तो गेला. पण ती पाण्यात पडली ती त्याच्याच हाताच्या चुकीने. हे तिला सांगायचं? का सांगायचं?

नाही सांगणार.

१८ ऑगस्ट

पानं मांडून झाली होती. रुख्मिणी माझ्याजवळ बसून काकड्या चिरत होती. मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, इंजिन बंद पडलं नसतं तर तुम्ही पडला नसता.

तिने विळी थांबवली.

"बंद कुठी पडलं, ताई? चालूच होतं. म्या बकरीचं पिल्लू धराले उठली अन् गेली पाण्यात, नावेच्या मागच्या अंगाला. पंखा माझ्या पायापाशी घरघर फिरून राह्यला होता. पाण्यात दिसे मले. जयदीपभाऊनं माझ्याकडं पाह्यलं, इंजिनाकडं पाह्यलं, अन् बटन दाबलं. पंखा थांबला. मंग उडी टाकली."

भावजी पाटावरून अर्धे उठलेले.

तापलेलं इंजिन परत सुरू होणार नाही, हे त्या नावेत एकाच माणसाला माहीत होतं.

मी कसंबसं विचारलं — हे तुम्ही कोणाला सांगितलं नाही?

"मले कोणी इचारलंच नाई."

सासूबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. तिचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, "पुन्हा सांग. पहिल्यापासून सांग."